ओळंब्याचा उजवा डोळा

ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं एक वजन. भिंत सरळ उभी आहे की कललीय, हे त्याला विचारायचं आणि तो सांगेल ते मुकाट्यानं ऐकायचं. त्याच्याशी हुज्जत घालता येत नाही, त्याला दयामाया नसते, आणि त्याला कुणी हौसेनं घरी बोलावत नाही. या सुतारालाही सगळे ओळंबाच म्हणत. तिन्ही कारणं त्याला तंतोतंत लागू होती.

त्याचं सगळं भांडवल म्हणजे उजवा डोळा. फळी डोळ्याच्या उंचीला धरायची, डावा डोळा मिटायचा, उजव्यानं धारेवरून नजर सोडायची. ती पलीकडच्या टोकाला पोचायच्या आत निकाल तयार: "मध्ये पोट आहे." दोन केसांएवढं पोट असलं तरी त्याला दिसे. काटकोन तपासायचा गुण्या आणि पट्टी कारखान्यात होती, पण ती गिऱ्हाइकाची समजूत घालण्यापुरती.

हा डोळा कारखान्यात ठेवून बाहेर पडता येत नाही, हीच अडचण होती. एकदा तो कुणाकडे सांत्वनाला गेला. गेलेल्या माणसाचा फोटो समोरच्या भिंतीवर होता, घरची माणसं रडत होती. हा एक डोळा मिटून बसला. लोकांना वाटलं, यालाही भरून आलं. मग हा उठला, फोटोचा एक कोपरा बोटभर वर सारला, मागे सरकला, पुन्हा डोळा मिटला आणि म्हणाला, "हां, आता बरे दिसतायत." बायकोनं घरी येईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढलं नाही. घरी आल्यावर सगळी अक्षरं एकदम काढली.

बायको कारखान्यातच पॉलिश करायची. तिचा भरवसा तळहातावर. नवऱ्यानं बघायचं, तिनं चाचपायचं, आणि अठ्ठावीस वर्षांत लाकडाच्या बाबतीत दोघांचा निकाल कधी वेगळा लागला नव्हता. बाकी कुठल्याच बाबतीत तो एक लागला नव्हता, त्यामुळे घरात बोलायला विषय कमी पडत नसत.

शाळेच्या वाचनालयाची कपाटं करायला घेतली आणि भानगड सुरू झाली. वखारीतून फळ्या आल्या. ओळंब्यानं पहिली उचलली, डोळा मिटला आणि बाजूला टाकली. दुसरी टाकली. तिसरीकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि तीही टाकली. तीन आठवड्यांत अकरा फळ्या परत गेल्या.

वखारवाला त्याचा शाळेपासूनचा मित्र, म्हणजे वैरीच म्हणायचा. अकरावी फळी परत आली तेव्हा तो स्वतः कारखान्यात येऊन धडकला.

"अरे, फळी आहे ती, साप नाही. वाकेल कशी?"

"साप परवडला," ओळंबा म्हणाला. "तो वाकडा आहे हे लपवत तरी नाही."

वखारवाल्यानं स्टीलची लांब पट्टी फळीवर उभी टेकवली. पट्टीखालून उजेडाची रेघही येईना. "बघ. बघ की!"

ओळंब्यानं पट्टी उचलली, डोळ्यासमोर धरली आणि दयाळूपणे परत केली. "पट्टी वाकलीय तुझी."

वखारवाल्यानं ओळंब्याच्या बायकोकडे पाहिलं. ती खाली मान घालून पॉलिशचा बोळा पिळत होती. जाताना तो म्हणाला, "वहिनी, याला एकदा उन्हातून आत घ्या. तडकलाय."

ज्या फळ्या ओळंब्यानं ठेवून घेतल्या, त्यांचं त्यानं काय केलं? रंधा मारला. त्याच्या डोळ्याला सरळ दिसेपर्यंत मारला. पॉलिश करताना बायकोचा हात त्या फळ्यांवरून फिरला आणि मध्येच थबकला. फळी वर चढत होती, उतरत होती, पुन्हा चढत होती, निजलेल्या मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी. दोन दिवस ती गप्प राहिली. नवऱ्याचा रंधा चुकला असं म्हणणं म्हणजे सूर्य चुकला म्हणण्यासारखं होतं. तिसऱ्या दिवशी तिनं एक सूत घेतलं, दोन टोकांना खिळे ठोकून फळीवरून ताणलं आणि त्याला हाक मारली. सुताखालून तिची करंगळी सहज आत गेली.

त्यानं वाकून सुताला बोट लावलं. मग म्हणाला, "सूत ओलं आहे."

"सूत ओलं असलं तरी ताणलं की सरळ होतं," ती म्हणाली. "माणसाचंच तसं नाही."

त्या रविवारी ती त्याचे केस कापत होती. हा खाली स्टुलावर आणि ती मागे उभी. मान मागे करा म्हणाली, त्यानं केली. आणि वरून कपाळाच्या पलीकडे बघताना तिला दोन पापण्या दिसल्या. डावी जिथं असायची तिथं होती. उजवी तिच्या पुढं आली होती, गर्दीत कुणी पुढं घुसावं तशी.

"अहो, तुमचा उजवा डोळा बाहेर आलाय."

"वखारवाल्यावरच्या रागानं आला असेल."

"थट्टा नाही. बाहेर आलाय."

बायकोच्या शब्दावर त्यानं कधी विश्वास ठेवला नव्हता, पण मापावर ठेवायचा. त्यानं छोटी पट्टी मागवली. डोळ्याच्या बाहेरच्या कडेचं हाड असतं, त्याला पट्टीचं टोक टेकवून त्यानं तिला बाजूनं माप वाचायला लावलं.

"डावा सोळा."

"आणि उजवा?"

"एकवीस."

"मिलिमीटर?"

"नाही, मैल," ती म्हणाली आणि कात्री खाली ठेवली. केस अर्धेच कापून राहिले होते. तशाच अर्ध्या डोक्यानं तिनं त्याला दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, उंचीला त्याच्या खांद्याएवढ्या, आवाज मात्र नव्या करवतीचा. त्यांनी त्याला खाली वाकायला लावलं, श्वास कोंडून जोर करायला लावलं. डोळा होता तेवढाच बाहेर राहिला, जास्त आला नाही. "बरं," त्या म्हणाल्या, "म्हणजे नुसती फुगणारी शीर नव्हे." मग एका बाटलीचं लाल झाकण त्याच्यासमोर धरलं. आधी डावा डोळा, मग उजवा. डाव्याला लाल दिसलं. उजव्याला जुन्या विटेसारखं.

"झाकण बदललंत तुम्ही," तो म्हणाला.

"नाही, मिस्त्री. तेच आहे."

दोन दिवसांनी एमआरआयचं चित्र पडद्यावर लागलं. दोन डोळे, मागे दोन नसा, आणि उजव्या डोळ्याच्या मागे द्राक्षाएवढा एक पांढुरका गोळा. बाईंनी पेनाच्या टोकानं दाखवला.

"ही रक्तवाहिन्यांची गाठ. बारीक बारीक पिशव्या आणि त्यांत रेंगाळणारं रक्त. हिला स्वतःची साल असते, ही पसरत नाही, कॅन्सर दिसत नाही. पण खात्रीनं मी गाठ काढून तपासल्यावरच बोलेन. ही डोळ्याला मागून ढकलतेय. त्यानं डोळ्याच्या मागच्या पडद्याला चुण्या पडल्यात, चादर खालून रेटावी तशा. तुम्हाला सरळ रेघा लाटांसारख्या दिसत असतील."

ओळंब्यानं आधी डावा डोळा मिटून पडद्याकडे पाहिलं, मग उजवा मिटून. बायकोनं टोमणा मारला नाही, आणि हे जास्त वाईट होतं. इतकी आयती संधी आणि ती गप्प.

"सगळ्याच रेघा?" त्यानं शेवटी विचारलं.

"उजव्या डोळ्यानं बघाल त्या सगळ्या."

"पट्टीच्या पण?"

"पट्टीच्या पण."

"औषधानं नाही का विरघळणार?" बायकोनं विचारलं.

"लहान बाळांना या जागी वेगळ्या जातीच्या गाठी होतात, त्या औषधानं आकसतात. हे बाळ नाहीत."

"ते तुमचं मत," बायको म्हणाली.

मग बाईंनी हातचं न राखता सांगितलं. गाठ पाहण्याच्या नसेला टेकलीय; लाल रंग फिका पडतोय तो त्यामुळेच. आणखी कळ काढली तर वर्षा-दोन वर्षांत रंगामागून उजेडही जाईल. काढली, तर बहुतेकांची नजर राहते, सुधारतेही. पण नस इतकी जवळ आहे की क्वचित एखाद्याची नजर टेबलावरच जाते. "अशा गाठी मुळात दुर्मिळ. माझ्याकडे वर्षाला एक, फार तर दोन. आजवर एकाची नजर गेलीय. ती गोष्ट मी प्रत्येकाला सांगते."

ओळंब्यानं विचार करायला आठ दिवस मागितले आणि त्यांतला पहिला दिवस 'दुर्मिळ' या शब्दात घालवला. वखारवाला समाचाराला आला तेव्हा हा पाय पसरून बसला होता.

"लाखात एखाद्याला होते म्हणतात. तुझ्यासारख्यांना मोतीबिंदू."

"लाखातल्या बाकीच्यांनी काहीतरी पुण्य केलं असणार."

ओळंब्यानं पसरलेले पाय आखडून घेतले. मग ओळंबा म्हणाला, "त्या अकरा फळ्या..."

"गेल्या."

"कुणाकडे?"

"सरळ माणसांकडे," वखारवाला म्हणाला आणि त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. याहून मोठी माफी दोघांनाही झेपली नसती.

राहिलेले दिवस बरे गेले नाहीत. त्यानं डाव्या डोळ्यानं काम करून पाहिलं. उजवा मिटला, फळी उचलली. पण डावा डोळा आयुष्यभरात मिटण्यापलीकडे काही शिकलाच नव्हता. उजवा मिटायचा तर गालसुद्धा आखडायचा, ओठ एका बाजूला जायचे. फळी दिसायची, रंग दिसायचा, गाठी दिसायच्या, पण निकाल येत नव्हता. शिकलेला डोळा खोटं सांगत होता आणि खरं सांगणाऱ्याला काही कळत नव्हतं. वाकडा का होईना, उजवा डोळा बघत तरी होता. तो हातचा घालवून उद्या काळोख मिळाला तर? लोक आपल्याला काय म्हणून हाक मारतील, हाही विचार त्याच्या मनात आला. ओळंबा हे नावसुद्धा मग उरणार नव्हतं.

सातव्या दिवशी त्यानं निर्णय घेतला, पण तो ऑपरेशनचा नव्हता. त्याच्या कारखान्याचा एक नियम होता. नवा माणूस, मग तो कितीही मोठ्या ठिकाणाहून आलेला असो, आधी नमुना करून दाखवायचा. फळीतून हाताच्या पंजाएवढा चौकोन कापून काढायचा आणि तोच तुकडा परत बसवायचा. पाहिलं तर काप दिसता कामा नये.

"अहो, तुम्ही त्यांचा नमुना घेणार?" बायको म्हणाली. "त्या डॉक्टर आहेत!"

"वखारवाला दाढी करतो म्हणून मी त्याच्या हातात माझा गळा देत नाही."

फळी, बारीक करवत, हातानं फिरवायचं ड्रिल, दोन पितळी पट्ट्या आणि स्क्रूची पुडी पिशवीत घालून दोघं हॉस्पिटलात गेली. दारावरच्या पहारेकऱ्यानं पिशवी उघडली, करवत बघितली आणि विचारलं, "काय काम?"

"डॉक्टरांची परीक्षा आहे," ओळंबा म्हणाला.

बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्या हसायच्या थांबल्या. "तुमच्या ऑपरेशनमध्ये नेमकं काय करणार, ते तरी ऐका आधी," त्या म्हणाल्या. "डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाकडे एक चीर. खाली खोबणीची भिंत लागते, हाडाची. तिचा तुकडा कापून बाहेर काढायचा."

"खिडकी."

"खिडकीच. आत गेलं की गाठीला एक थंडगार सळई टेकवायची. बर्फाला ओलं बोट चिकटावं तशी गाठ तिला चिकटते. खेचायची नाही. चहूबाजूंनी मोकळी करत सावकाश बाहेर आणायची. मग हाड परत जागेवर."

"सांधा कुठला देणार?"

"सांधा नाही. बारीक पट्टी आणि स्क्रू. दीड मिलिमीटरचे."

"लोखंडी?"

"टायटॅनियम. तुमच्यानंतरही शाबूत राहतील."

"चला," बायको म्हणाली, "काहीतरी मागे ठेवून जाल."

ओपीडी संपली होती. बाईंनी बाह्या सारल्या, फळी टेबलाच्या कडेला धरली आणि बायकोला म्हणाल्या, "तुम्ही इथं दाबून धरा." ओळंब्याला वाटलं, आता त्या करवत उचलतील. सगळे नवखे तेच करतात. चौकोन आखतात आणि करवत लावतात, मग तुकडा परत बसवताना स्क्रूची भोकं जुळत नाहीत, तुकडा केसभर सरकतो आणि झाला सत्यानाश. नियमातली ही मेख तो कुणालाच सांगत नसे. चुकल्याशिवाय ती कळत नाही, असं त्याचं म्हणणं.

बाईंनी चौकोन आखला. पितळी पट्ट्या रेघेवर आडव्या ठेवल्या. आणि करवत तशीच राहू देऊन ड्रिल उचललं. आधी सगळी भोकं पाडली, एक एक स्क्रू लावून पाहिला, पुन्हा काढला. मग कापलं.

ओळंबा खुर्चीत सावरून बसला.

कापायला त्यांना फार वेळ लागला. भुसा त्यांच्या चपलांवर पडला. तुकडा निघाला, परत बसला, पट्ट्या लागल्या. त्यांनी फळी त्याच्याकडे दिली आणि कपाळ पुसलं. सवयीनं त्यानं डावा डोळा मिटला, उजव्यानं पाहिलं. कापाची रेघ नदीसारखी वळत गेली होती.

"वाकडं आहे," तो म्हणाला.

बायकोनं फक्त त्याचा हात धरला आणि अंगठा त्या रेघेवर ठेवला. त्यानं नख आडवं फिरवलं. पुन्हा फिरवलं. नख कुठंही अडलं नाही.

"कोणी शिकवलं," त्यानं विचारलं, "आधी भोकं पाडायला?"

"एकदा आधी कापलं होतं," बाई म्हणाल्या. "पुन्हा कधी नाही."

"कधीचं ऑपरेशन ठेवताय?" ओळंबा म्हणाला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बायको आणि वखारवाला बाहेरच्या बाकावर बसले होते. अडीच तास. बायकोचा तळहात बाकावरून आपोआप फिरत होता. "तीन हात दिलेत पॉलिशचे," ती म्हणाली, "मधला घाईत." वखारवाल्यानं मान हलवली. लाकडाविषयी बोलणं बरं होतं. त्याला उत्तर देता येत होतं.

बाई बाहेर आल्या. गाठ सालीसकट अख्खी निघाली, हाड बसलं, नस जागेवर आहे. नजरेचं मात्र डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर कळेल. त्यांनी छोटी बाटली दाखवली. आत जांभळट, चमकता गोळा.

"एवढीशी?" वखारवाल्याचा आवाज चढला. "एवढ्याशा द्राक्षानं माझ्या अकरा फळ्या परत पाठवल्या?"

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. पापणी सुजून वांग्यासारखी झाली होती, ती त्याला उचलता येईना. बाईंनी डावा डोळा झाकला आणि बोटानं उजवी पापणी वर केली.

काही नाही. मग काहीतरी तांबूस. ओळंब्याचे हात पलंगाच्या कडेवर आवळले गेले. मग तांबूस फाटलं आणि आतून उजेड आला; उजेडात खिडकी, खिडकीत कुणाचातरी वाळत घातलेला टॉवेल.

"टॉवेल," तो म्हणाला. "हिरवा. फाटका."

बायकोनं तोंड भिंतीकडे केलं. ती परत वळली तेव्हा बाईंनी दोन्ही डोळे उघडे ठेवायला सांगितले होते, आणि स्नायू अजून दुखावलेले असल्यामुळे त्याला सगळं दोन-दोन दिसत होतं.

"आई गं," तो म्हणाला, "एक पुरत नव्हती म्हणून दोन दिल्यात?"

"दोघींचं ऐकावं लागेल आता," बायको म्हणाली.

तपासणीत गाठ निरुपद्रवी निघाली. दोन-दोन दिसणं महिन्याभरात हळूहळू एक झालं. लाल रंग परतला, एके सकाळी शेजारच्या बादलीच्या रूपानं, आणि तो तिच्याकडे इतका वेळ टक लावून पाहत राहिला की शेजारीण बादली उचलून आत गेली. लाटांचं मात्र काही खरं नव्हतं. चुण्या जातील, सावकाश जातील, कधी थोड्या राहतातही, असं बाईंनी सांगून ठेवलं होतं. तोवर फळी डोळ्यासमोर धरायची नाही, असा बायकोचा हुकूम होता, आणि या वेळी त्याच्यात तो मोडायचं धैर्यही नव्हतं. त्याला बघायची भीती वाटत होती, आणि हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

सहाव्या आठवड्यात दोघं तपासायला गेली. पट्टीवर डोळा एकोणीसवर आला होता. तक्त्यावरची अक्षरं त्यानं खालून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचली. बाई खूश झाल्या. "आता जा," त्या म्हणाल्या, "आणखी तीन महिन्यांनी या."

तो उठला, दाराशी गेला आणि थांबला. डावा डोळा मिटला.

"दार वाकडं आहे," तो म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. बायको खुर्चीतून अर्धी उठली होती, तशीच राहिली.

"लाट दिसतेय का?" बाईंनी जपून विचारलं. "रेघ वळते?"

त्यानं चौकटीच्या वरच्या कोपऱ्यापासून नजर सोडली आणि खाली उंबऱ्यापर्यंत नेली. "नाही," तो म्हणाला. "रेघ सरळ आहे. सरळ, पण कललेली. वरची बिजागरी सुटत आलीय."

कोपऱ्यात कागद लावत बसलेल्या मावशी मागे वळल्या. "नाहीतर काय! मी लागले तेव्हापासून खांदा लावून ढकलतेय ते दार. सांगून सांगून थकले, कुणी ऐकत नाही."

बाई हसल्या. बायको खुर्चीत परत बसली, आणि पदरानं चेहरा पुसायचं निमित्त करून बराच वेळ पुसत राहिली. ओळंबा जागचा हलला नाही. दाराच्या धारेला गाल लावून, डावा डोळा घट्ट मिटून, तो खालून वर बघत होता, आणि मग वरून खाली.

बाहेरच्या बाकावर नंबर लावून बसलेला एक माणूस कावला. "अहो, आत जाताय की बाहेर?"

"थांबा हो," ओळंबा म्हणाला. "बघतोय."